पडद्यावरचं बेट

बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर होतं ते.
निळं पाणी, गुलाबी दाराचं घर,
डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई,
आणि खाली इंग्रजीत एक नाव,
शेवटची अक्षरं गंजाने खाल्लेली.
वडलांनी झाकण सुपडू पेंटरला दिलं,
म्हणाले, हेच, पण दहा फूट बाय आठ.

सुपडूने समुद्र पाहिला नव्हता.
प्रकाशाला तापी पाहिली होती, पौषातली;
त्यात त्याने नीळ कालवली.
नारळाला पानं केळीची आली.
लाटा म्हणून नांगरट काढली, पांढऱ्या कडांची,
आणि पैसे मोजून घेताना म्हणाला,
जवळून पाहू नका.

जवळून पाहणं हाच माझा धंदा झाला.

तेहेतीस वर्षं नंदुरबार
या किनाऱ्यावर येऊन उभं राहतंय.
चपला दाराबाहेर काढतं,
जणू वाळू ओली असावी.
धडगावहून रायसिंग पावरा आला, भोंगऱ्याच्या आदल्या दिवशी,
कमरेला चांदी, खिशात आरसा,
मनगटावर काकाचं बंद पडलेलं घड्याळ.
घड्याळ दिसलं पाहिजे, एवढीच अट.
बेटावर तेव्हापासून पावणेचार वाजलेत.
लोटन शिंप्याची सासू नातवाला मांडीवर घेऊन बसली
आणि ओरडली,
'पंखा बंद कर रे हबीब, समिंदर हालस!'

जानेवारीत सगळ्यांचे डोळे मिटतात.
पथारींवर मिरची वाळत असते,
वारा गावात शिरतो
आणि बटण दाबायच्या क्षणीच शिंक येते.
नवरदेव, हेडमास्तर, कानबाईचा रोट हातात धरलेली पोर
(ती तर श्रावणात आली होती, तरी शिंकली).
एक ट्रंक भरून मिटलेले डोळे आहेत माझ्याकडे.
टाकवत नाहीत.

वर्तमानपत्राला लाल हवं असतं.
शिडी घेऊन जा, म्हणतात, वरून काढ.
वरून लालच दिसतं, क्षितिजापर्यंत,
पैसेही त्याचेच मिळतात.
खाली उतरलो की फडकी दिसतात,
फडक्यांवरचे डोळे,
देठ खुडणारी बोटं,
जी रात्री ताकात बुडवून ठेवावी लागतात.
ते फोटो मी काढतो. मागत कुणी नाही.

परवा झेलाबाई ठाकरे आली, कार्डाच्या फोटोसाठी.
त्याला पांढरं लागतं.
पांढरी चादर मी बेटावरच टाकतो,
दोन चिमटे लावले की बेट संपलं.
फोटो झाला. बाई उठेना.
मग उठली, आणि एक चिमटा तिनेच काढला.
पाटीवालीसमोर उभी राहिली बराच वेळ,
मंगळवारच्या बाजारात माहेरचं कुणी भेटावं तशी.

'हाई कथानी?'
लांबची, म्हणालो. बेटावरची.
'हिना तोंडवर फडकं नही.'
नाही खरं.
'मंग पाटीम्हा काय शे?'

मला सांगता येईना.
इतक्या माणसांच्या हनुवट्या मी उचलल्या,
खांदे सरळ केले, बटणं लावली,
ती बाई प्रत्येकाच्या मागे उभी होती,
आणि तिच्या पाटीत मी कधी डोकावलो नव्हतो.
झाकण काढून आणलं. त्यात टाचण्या ठेवतो आम्ही.
टाचण्या ओतल्या टेबलावर.
पाटीच्या जागी अंगठ्याएवढा गंज.
सुपडूनेही तिथे नुसतं पिवळं फासलंय.
केळी असतील. मासे असतील. मका असेल.

झेलाबाईने कनवटीचं फडकं सोडलं,
नाकावरून ओढून मागे गच्च गाठ मारली,
बाहेर ठेवलेली स्वतःची पाटी आणून डोक्यावर घेतली
आणि त्या बाईच्या शेजारी, केळीच्या पानांच्या नारळाखाली,
अनवाणी उभी राहिली.
'काढ आते. दोन्हीस्ना.'

फडक्यातून, पाटीतून, लुगड्याच्या घडीतून
पथारीच आत आली होती.
मी शिंकलो.

फोटो हललाय.
दोघींच्या कडा एकमेकींत मिसळल्यात,
आणि मागे समुद्र चक्क सरकलाय पुढे, गुडघ्यापर्यंत.
तिला तसाच हवा होता, घेऊन गेली.
पंखा बंद होता.